खोकल्याचा रकाना

"खोकल्याच्या रकान्यात काय लिहू?" विमा एजंटने विचारलं.

पाथरवटाने दाराकडे पाहिलं. बायको बाहेर नळावर होती. "खरं लिहिलं तर?"

"तर पॉलिसीच नाही."

"मग नाही म्हणून लिही."

योजना पोरीच्या नावाने होती. अठरावं लागलं की शिक्षणाला पैसे. बाप मध्येच गेला तर उरलेले हप्ते कंपनी भरणार. सहा वर्षांची पोरगी कोपऱ्यात बसून बापाच्या छिन्नीने फरशीच्या तुकड्यावर रेघा मारत होती. त्याला तिच्या हातात ती छिन्नी बघवेना.

"दादा, ध्यानात ठेवा," एजंट हळूच म्हणाला. "डॉक्टरचा जुना कागद कंपनीच्या हाती लागला, तर पोरीला दमडी मिळायची नाही."

संध्याकाळी त्याने छातीच्या फोटोचं पाकीट बायकोपुढे टाकलं. "जाळून टाक हे."

"का?"

"बघवत नाही मला."

एवढंच बोलला. बायकोच्या पोटात काही राहत नसे. वाण्याची चिठ्ठीसुद्धा ती जपून ठेवायची. "तुझ्या पेटीत माझे दुधाचे दातही सापडतील," असं तो तिला चिडवायचा.

पहिल्या हप्त्याला त्याने एजंटला सांगितलं, "कागद जाळले."

दोन वर्षं त्याने एकही हप्ता चुकवला नाही. दवाखान्याची पायरी मात्र चढला नाही. बायको रडली, भांडली, तरी नाही. जिन्यात मध्येच बसायचा आणि पोरीला म्हणायचा, "तू हो पुढे, मी पायऱ्या मोजतोय." शेवटी त्याला आडवंही होता येईना. भिंतीला टेकून बसल्या बसल्याच गेला.

कंपनीच्या कचेरीत एजंट मायलेकींसोबत आला होता. कारकुनाने मृत्यूचा दाखला, पॉलिसी, पावत्या नीट लावून घेतल्या.

"आधीचं काही दुखणं?"

"छे हो साहेब," एजंट घाईने म्हणाला. "धडधाकट माणूस. अचानक गेले."

कारकुनाने मान डोलावली आणि शिक्का उचलला.

बायकोच्या ते जिव्हारी लागलं. दोन वर्षं रात्र रात्र ती त्याची पाठ चोळत बसली होती. तिने पिशवीतून पिवळं पडलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"अचानक कसे? किती झिजले ते, मला विचारा. हे बघा, साहेब, तारखांसकट सगळं आहे. जाळून टाक म्हणाले होते, पण मी एक कागद हरवू दिला नाही."