प्रार्थनेचा विषय

रूथचं पत्र येऊन पंधरवडा उलटला, तरी शमुवेलमामांनी उत्तर लिहिलं नव्हतं. पोटातल्या बाळाची कवटीच तयार झालेली नाही, ते जगणार नाही, असं डॉक्टरांनी भाचीला सांगितलं होतं. ‘मामा, गर्भ काढणं पाप होईल का? तुम्ही एवढं वाचता, तुम्हीच सांगा. पण कुणाला कळू देऊ नका.’

मामांनी कपाट उपसलं. एका पुस्तकात जीव पहिल्या क्षणापासून देवाचा होता, दुसऱ्यात आत्मा चार महिन्यांनी येत होता, तिसऱ्यात आईचा प्राण आधी होता. शेवटी घाबरत घाबरत त्यांनी चर्चच्या पाळकसाहेबांना एकट्याला गाठून विचारलं.

रविवारी उपासनेत प्रार्थनेचे विषय सांगताना पाळकसाहेब म्हणाले, “आपल्या मंडळीची लेक रूथ गर्भपाताच्या मोहात पडली आहे. तिच्यासाठी डोळे मिटू या.” सगळ्यांनी मिटले. मामांचे तेवढे उघडे राहिले.

“अहो, तुमच्याच भाचीसाठी केली ना प्रार्थना?” दाराशी पाळकसाहेब हसून म्हणाले.

“मी तुम्हाला विचारलं होतं. मंडळीला नाही.” त्या दारात मामा इतक्या मोठ्यानं कधीच बोलले नव्हते.

घरी येऊन त्यांनी लिहिलं, ‘पुस्तकांत उत्तर सापडलं नाही. तुझी गोष्ट माझ्यामुळे फुटली, इथे सगळ्यांना कळली. तू काहीही ठरव, त्या दिवशी दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसेन. बसू देशील का?’

पत्ता पुन्हा वाचून त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं.