अळीची साक्ष

वाटीतल्या औषधात बुडवलेली बोंडअळी काठावर चढली, काउंटरवर उतरली आणि चालू लागली.

चौसाळ्याच्या त्या खता-औषधांच्या दुकानात जमलेल्या सगळ्यांनी ते पाहिले. मग आप्पारावाने दुकानदार मन्मथप्पांची मान धरून डोके पुन्हा काउंटरवर आदळले. कपाळाचे रक्त अळीच्या वाटेत सांडले. तिने वळसा घातला.

"बघ तुझं औषध," आप्पाराव म्हणाला. "सारखं फवारतोय, तरी एक बोंड सोडलं न्हाई ह्या अळ्यांनी. पाणी इकतो व्हय रं आमाला?"

"माल अस्सल हाय, आप्पाराव."

"अस्सल हाय? मंग पी की!" आप्पारावाचा थोरला मुलगा जीवन फळीवरच्या बाटलीचे सील फोडून ती घेऊन पुढे आला. "पाणी आसंल तर पचंल. अस्सल आसंल तर आमाला दिसंलच."

दारात दाटलेली माणसे हसली. बाजार खुला झाल्यापासून त्या फळ्यांवर परदेशी रंगांच्या बाटल्या आल्या होत्या. आता त्यांच्या काचा पायांखाली कुरकुरत होत्या.

मन्मथप्पांचा मुलगा विश्वेश्वर दोघांच्या पकडीत खांबाला रेटून उभा होता. पतंगांच्या जनुकांवर प्रबंध लिहिणारा हा गृहस्थ सुट्टीला घरी आला होता. जुन्या स्मृतिग्रंथांमधले विषदिव्य, म्हणजे विष पाजून घ्यायची परीक्षा, त्याने वाचले होते. त्यात निदान एवढी सोय होती, की निर्दोष माणूस विष पिऊनही जगे. चौसाळ्याने शास्त्र सुधारून घेतले होते. जगला तर चोर, मेला तर सचोटीचा.

"औषध खरंच आहे," तो म्हणाला. "अळी बदललीय."

"कावून? शाळंत घातलीय का तिला?" जीवन म्हणाला.

विश्वेश्वर आप्पारावाकडेच बघत राहिला. "काका, तुमची मेंढरं ज्या रानात बसतात, तिथं पुढच्या साली पीक जोमानं येतं ना?"

"येतं. मंग?"

"पतंगाच्या अंगातही असा एक भटका कळप असतो. जनुकांमधले उठवळ तुकडे. आपली नक्कल काढत वाढायचं आणि दिसेल तिथं जाऊन बसायचं, एवढंच त्यांना येतं. बसतात तिथं बहुतेक वेळा नासधूसच होते, आणि तो पतंग मरतो. पण माझा अंदाज आहे की एकदा कुठंतरी एक तुकडा विष पचवणाऱ्या जनुकाच्या बांधावर बसला. त्या जनुकाचं पीक वाढलं. आपण फवारत गेलो. बाकीच्या अळ्या मेल्या, तिचा वंश उरला. ह्या अळ्या आपल्याच फवारणीनं निवडून दिल्यात."

आप्पारावाची पकड किंचित सैल झाली. उभा जन्म मेंढरांमागे हिंडून अलीकडे कापसाची पऱ्हाटी लावू लागलेल्या त्या माणसाला यातले बरेचसे समजले असावे. त्याने नेमका प्रश्न विचारला.

"आन् त्या कळपाचा धनी कोन?"

"कोणीच नाही."

उत्तर खरे होते, म्हणूनच निरुपयोगी होते. ज्याला धनी नाही त्याला बुकलता येत नाही. आप्पारावाच्या हातात मात्र एक मान आयती होती. ती त्याने आवळली. जीवनने मन्मथप्पांच्या बरगडीत लाथ घातली, दुसरीही घातली, आणि काहीतरी मोडल्याचा आवाज दारापर्यंत ऐकू आला.

मन्मथप्पा गुडघ्यांवर आले. त्यांनी गळ्यातले इष्टलिंग चाचपले, सदऱ्याच्या आत सारले आणि हात पुढे केला.

"दे इकडं, पितो. कपिलधारच्या समाधीची आण, माल खरा हाय."

"भेसळ आहे!" विश्वेश्वर किंचाळला. "मीच तपासलंय. निव्वळ पाणी आहे, माझ्या अण्णांनी स्वतः घातलंय!"

सगळे हात थांबले. मन्मथप्पांनी मुलाकडे पाहिले. लाथांनी जे साधले नव्हते ते त्या एका वाक्याने साधले. ते जमिनीवर बसले.

आप्पारावाने मान जवळजवळ मायेने सोडली. "मंग आदीच बोलायचं न्हाई व्हय, शेट? येवढा मार कावून खाल्ला?"

"वास तर औषधाचाच येतोय की," दारातून कोणीतरी म्हणाले.

"वास बी इकत मिळतोय आता," जीवनने बाटली उंचावली. "शिकल्याल्या पोरानं सांगितलंय, पाणी हाय. शेटला मारून मारून घसा लई कोरडा पडला बे."

विश्वेश्वराला ओरडायला वेळ होता. अळीला घातले ते फवारणीच्या पंपाच्या मापाने पाण्यात कालवलेले होते. बाटलीत होता तो मूळ अर्क. त्याने जीवनच्या चपलेखाली चुरडलेला वडिलांचा चष्मा पाहिला आणि ओठ मिटून घेतले.

ओरडले ते मन्मथप्पा. "आरं पिऊ नको! आप्पाराव, आवर पोराला! खरं हाय ते, लिंगाची आण, खरं हाय!"

"आता खरं हाय म्हनतो!" दुकान हसण्याने हादरले.

जीवनने दोन मोठे घोट घेतले, तोंड वाकडे केले आणि बाही ओठांवरून फिरवली. "कडू हाय जरा."

हशा पुन्हा उसळला. आप्पाराव हसला नाही. मन्मथप्पा मोडलेल्या बरगडीनिशी फरशीवरून सरपटत जीवनकडे निघाले होते, त्याच्या घशात बोटे घालण्यासाठी. माणसे त्यांना पायाने मागे लोटत होती. आप्पारावाने ते पाहिले आणि तो विश्वेश्वराकडे वळला.

"पाणीच हाय ना, मालक?"

जीवनच्या हनुवटीवरून लाळेची तार लोंबू लागली होती. त्याने ती पुसली. ती पुन्हा आली.

अळी काउंटरच्या कडेला पोचली होती. पुढचे अंग उचलून ती हवेत जागा चाचपत होती.