छप्पर, न वापरलेलं

"छप्पर एकदाही उघडलेलं नाही," विमावाल्या काकांनी सांगितलं आणि जाहिरातीचा कागद पुढे केला. त्यात हे वाक्य त्यांनी ठळक छापून घेतलं होतं.

गाडी बघायला आलेली दातांची डॉक्टर गाडीभोवती एक चक्कर मारून थांबली.

"काका, पण ही छप्पर उघडणारी गाडी आहे ना?"

"हो."

"किती वर्षं झाली?"

"नऊ."

"आणि नऊ वर्षांत एकदाही?"

"एकदाही," काका म्हणाले, पण आवाज आता पहिल्याइतका ताठ नव्हता. विमा कंपनीसाठी लोकांचं नुकसान तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. जे उघडतं ते एक दिवस मिटत नाही, एवढं ते त्यातून शिकले होते. शिवाय लोक काय म्हणतील, हे होतंच. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं. गाडी काकूंना आवडली म्हणून घेतली होती. ते मात्र जाहिरातीत नव्हतं.

"उघडून दाखवा ना."

काका आत बसले. एक बटण दाबलं. वायपर फिरले. दुसरं दाबलं. काचेवर पाणी उडालं. तिसऱ्याला रेडिओवर कुणीतरी कांद्याचे भाव सांगायला लागलं.

काकू कागदपत्रांची पिशवी घेऊन खाली आल्या होत्या. त्या खिडकीशी वाकल्या.

"ब्रेकवर पाय ठेवा. गिअरच्या मागे ते छोटं झाकण आहे, त्याच्याखाली. पूर्ण मागे जाईपर्यंत बोट काढायचं नाही."

"तुला काय माहीत?"

"पुस्तक वाचलंय. पान चौतीस."

छप्पर कुरकुरलं, उचललं गेलं, घडी होत होत डिकीत नाहीसं झालं. अठरा सेकंद लागले. नऊ वर्षांच्या मानाने काहीच नाही.

उघड्यावर आलेल्या काकांना आपण भर रस्त्यात बनियनवर बसलोय असं वाटलं.

"काकू, चला, एक चक्कर मारू," डॉक्टर म्हणाली. गाडीला सीट दोनच. तेव्हा उतरायचं कुणी, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

"थांब हं, आलेच," म्हणून काकू वर गेल्या आणि डोक्याला पिवळा रेशमी रुमाल बांधून आल्या. तो काकांनी कधी पाहिला नव्हता. घड्या इतक्या पक्क्या बसल्या होत्या की काकूंच्या डोक्यावर चौकटी उमटल्या होत्या.

"हा कधी घेतलास?"

"गाडी घेतली, त्या आठवड्यात."

गाडी गेली. काका गाडीचं कव्हर पोटाशी धरून फुटपाथवर उभे राहिले. तळमजल्यावरचे शेजारी चष्मा सावरत बाहेर आले.

"वहिनी होत्या ना त्या?"

"हो."

"म्हणजे उघडतं होय छप्पर."

"उघडतं की. न उघडायला काय झालं?"

"नाही, आम्हाला वाटायचं तुमच्या गळ्यात खराब माल मारलाय. सगळ्या बिल्डिंगला वाटायचं. पण म्हटलं, कशाला विचारून माणसाला लाजवायचं."

काकांनी कव्हरची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

वीस मिनिटांनी गाडी परत आली. काकू उतरल्या. त्यांचे केस चारी दिशांना उभे होते आणि त्या ते सारखे करत नव्हत्या. शेजारी बघतच राहिले.

"रुमाल कुठाय?" काकांनी हळूच विचारलं.

"उडाला."

"कुठे? कुठल्या वळणावर? मी आणतो शोधून." ते कव्हर काखेत मारून दोन पावलं निघालेही.

"नको," काकू म्हणाल्या. "चांगला उडाला."