गार हवा

एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाची जागा भरायची होती आणि नेमका बाहेरच्या खोलीतलाच एसी बंद पडला होता. उमेदवार घामाने निथळत होते. 'हीही नोकरी हुकली तर आईला काय तोंड दाखवू,' हाच घोर त्यांच्यातल्या एका तरुणाला लागला होता. शेजारचे वयस्कर उमेदवार म्हणाले, "ओठ बघ कसे सुकलेत तुझे! थांब बाळा, पाणी आणतो."

ते गेले आणि त्याला एकदम सुचलं. खुर्ची ओढून तो वर चढला, झाकण उघडलं, निसटलेली वायर घट्ट बसवली. मागे धप्पकन आवाज झाला. कुणीतरी कळवळलं, सगळे धावले. त्याने मानही वळवली नाही. खोलीत झुळझुळ गार हवा उतरली.

काचेआडून बघणाऱ्या साहेबांनी तिथेच हात मिळवला. "माणूस पडला तरी तुमचं चित्त हललं नाही. उद्यापासून या."

घरी आईच्या डोळ्यांतून आनंद वाहायला लागला. डोळे पुसता पुसता तिने विचारलं, "आणि ते बिचारे पडले कशाने रे?"

"दोन्ही हातांत पेले होते ना, मागे न बघताच बसायला गेले," तो म्हणाला. "खुर्ची माझ्या पायाखाली होती."