चार रिकाम्या मात्रा

जऊळका गावातल्या घरी अश्वजित सकाळपासून लॅपटॉपशी झगडत होता. वडील पुंजाजी भीमगीतं गायचे. त्यांची वही त्याला स्वरलिपीत छापायची होती. पण त्यासाठी घेतलेल्या फुकटच्या सॉफ्टवेअरचे सुटे भाग बसवणारा पॅकेज मॅनेजर एकच हेका धरून बसला होता: एक पॅकेज सापडत नाही. शेवटी त्यानं सगळं काढून जुनी आवृत्ती बसवली, तेव्हा कुठं पहिलं गाणं पडद्यावर उमटलं.

फक्त तिसऱ्या ओळीनंतर चार मात्रा रिकाम्या होत्या. त्या त्यानं लिहिल्याच नव्हत्या. पॅकेज पुन्हा बसवलं, तरी त्या तिथंच.

त्यानं गाणं वाजवून पाहिलं. तिसऱ्या ओळीला सूर थांबले.

"आई, हे मधातच थांबून राह्यलं."

"थांबनच ना," दुर्गाबाई गहू निवडता निवडता हसली. "तुहे बाबा अंगठा जिभेले लावत, पान उलटत, मंगच पुढं गात. थांब जरा, त्यायले पान उलटू दे."

अश्वजितलाही हसू आलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी पेटीवरची वही आणि तो अंगठा डोळ्यांपुढं उभा राहिला.

सूर पुन्हा सुरू झाले. त्यानं शेजारी उघड्या ठेवलेल्या वहीकडे पाहिलं.

पान उलटलेलं होतं. कोपरा ओला होता.