दोन डाव्या बाह्या

“दोन्ही बाह्या डाव्या? अरे मेल्या, मग उजव्या हाताचं काय लोणचं घालायचं?” मालिनीबाईंनी दिगूच्या पत्र्याच्या हातातून ब्लाउज हिसकावला आणि स्वतःच उसवायला बसल्या.

दिगू हा स्मृतिकेंद्राने दिलेला यंत्रमानव. मिरजेत तीस वर्षं शिवणक्लास चालवलेल्या बाईंना आता सुनेचं नावही आठवत नसे. म्हणून तो दिवसभर मुद्दाम चुकायचा आणि बाई त्याला सुधारायच्या. औषध म्हणून तेवढंच होतं.

त्या दिवशी केंद्राची नर्स तपासणीला आली.

“या महिन्यात बाईंनी माझ्या चाळीस चुका पकडल्या,” दिगूने अभिमानाने सांगितलं.

“चाळीस कुठल्या? एखाददुसरी!” बाई घाईघाईने मध्ये पडल्या. “वय झालंय त्याचं, विसरतो बिचारा. पण घरचं माणूस आहे ते. नेऊ नका हो त्याला.”

नर्स हसू दाबत निघून गेली. बाईंनी दार लावलं आणि दिगूला समोर बसवलं.

“वेंधळ्या, आपल्या चुका अशा कुणी सांगतं का? ती नेहमी वार विचारते. सांग, आज काय वार?”

“रविवार,” दिगू ठरल्याप्रमाणे चुकला.

बाई खिडकीशी गेल्या. बराच वेळ त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरची पिठाची गिरणी बंद होती.

“सोमवार! सोमवारीच बंद असते ना गिरणी, दिसत नाही का तुला?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “आणि मी बघून सांगितलं, हे तिला कळू देऊ नकोस. आपल्या दोघांनाही घेऊन जाईल ती.”