पीस ऑफ खारी

मुलुंडच्या कॉलेजातले निवृत्त सर स्वयंपाकाला येणाऱ्या प्रेमाला रोज इंग्रजी वाक्प्रचार शिकवत. चुकली की वहीत तांबडी पेन्सिल फिरे. मग अर्धांगवायूनं त्यांची वाचा गेली. पेन्सिल उशाशी पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, “बोलतं करा.” सरांच्या पत्नी, काकू, विनवून थकल्या. एका सकाळी प्रेमा म्हणाली, “सर, चपात्या म्हणजे माझ्यासाठी पीस ऑफ खारी!” सरांच्या कपाळाला आठी पडली. “केक,” ते कसेबसे पुटपुटले. दुसऱ्या दिवशी तिनं ‘वन्स इन अ रेड मून’ ठोकलं. “ब्लू!” सर चिडले. प्रेमाच्या चुका वाढल्या, तसे सरांचे शब्दही. “शिकवलेलंही विसरलीस गं!” काकू करवादल्या. महिन्याभरानं सरांनी पेन्सिल उचलली, प्रेमाची वही चाळली, तेच वाक्प्रचार तिथं बिनचूक लिहिलेले पाहिले आणि रेघ न ओढता पहिलं अख्खं वाक्य उच्चारलं, “मुद्दाम चुकतेस तू.” “बरं झालं, सर. माझ्याकडच्या चुका संपत आल्या होत्या.”